लांज्याच्या स्टँडवर न दिलेली ओळख

अण्णा,

तुम्हाला खरं काय ते माहीत होतं की नव्हतं, एवढंच मला विचारायचं आहे. तुम्ही निवृत्त झालात ते वय मी कधीच मागे टाकलं, केस पिकले, तरी हा एक संशय काही पिच्छा सोडत नाही. तुम्ही हसाल. संशय हा आपल्या घरातला वाणसामानाचाच एक जिन्नस होता. मिरकरवाड्याहून कोळीण दारात यायची, आई टोपलीत हात घालून सुरमई बघायची आणि तुम्ही ओटीवर बसून कोळणीचं तोंड बघायचात. मासा ताजा की शिळा हे तुम्ही तिच्या तोंडावरून ठरवायचात, आणि वैताग असा की बहुतेक वेळा तुमचंच बरोबर निघायचं.

तुम्ही पोलिसांच्या विशेष शाखेत हवालदार होतात. पदवी घेऊन मी शिपाई म्हणून भरती झालो आणि काही वर्षांनी त्याच शाखेत आलो, तेव्हा तुम्ही निवृत्तीला टेकला होतात. अंगावर गणवेश नाही, हातात काठी नाही. सभेत मागच्या रांगेत बसायचं, स्टँडवर चहा प्यायचा, बंदरावर गप्पा मारायच्या, पासपोर्टच्या चौकशा करायच्या, आणि कानावर आलं ते वर कळवायचं. हे काम मला कोणा साहेबाने शिकवलं नाही, तुम्ही शिकवलंत, तेही जेवताना. जे हवं ते विचारायचं नाही, त्याच्या शेजारचं विचारायचं. आणि आपला माणूस कामावर दिसला तर ओळख द्यायची नाही, सख्खा भाऊ असला तरी. हा दुसरा नियम मी शाळेत असतानाच शिकलो होतो. गोखले नाक्यावर तुम्ही पानाच्या गादीपाशी उभे होतात आणि मी लांबून "अण्णा" अशी हाक मारली. तुम्ही वळलाच नाहीत. घरी आल्यावर हात उगारला नाहीत, फक्त म्हणालात, "बाहेर मी तुझा कोण नाय." मी ताटावरून तसाच उठलो होतो.

नोकरी मी का सोडली हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. "कोणी सांगितलं सोडायला?" हे विचारलंत, "कुठं अडकलायस काय?" हेही विचारलंत. खरं कारण इतकं साधं होतं की तुमच्यासारख्या माणसाला ते पटणं अवघडच. देवरूखचे एक गृहस्थ पुण्यात कॉम्प्युटरचे प्रोग्राम करून विकायची छोटी कंपनी चालवत होते. त्यांचा पासपोर्टचा अर्ज गावच्या पत्त्यावरून आला आणि चौकशीला मी गेलो. गणपतीला आले होते, निवांत होते. उठताना ते म्हणाले, "तुम्ही आंब्याच्या कलमांबद्दल विचारत होतात आणि मी माझा सगळा धंदा सांगून बसलो. आमच्या माणसांना गिऱ्हाइकाकडून यातलं निम्मंही काढता येत नाही. येता का आमच्याकडे?" गिऱ्हाइकाला नक्की काय हवं ते हुडकायचं आणि प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरांना समजावून द्यायचं, असं ते काम. आता त्याला प्रॉडक्ट मॅनेजर असं भारदस्त नाव आहे. तेव्हा काहीच नाव नव्हतं, म्हणून तुमचा संशय आणखी बळावला. ज्या नोकरीला नाव नाही ती नोकरी कसली?

मी राजीनामा दिला आणि तुम्ही बोलणं टाकलंत. पुण्याहून आलो की तुम्ही पेपर डोळ्यांसमोर धरून बसायचात, पान मात्र उलटायचं नाही. आई एकदा भडकली. "जल्लं मेलं ते खातं. पोटचा पोर समोर बसलाय नि बापूस आरोपीकडे बघल्यासारखा बघतोय." तुम्ही तिच्याकडेही तसंच बघितलंत.

कंपनीचा एक प्रोग्राम काजूच्या कारखान्यांसाठी होता, बी किती आली, गर कोणत्या प्रतीचा किती निघाला हे ठेवणारा. तो विकला जायचा आणि मग कोणी वापरायचं नाही. का, ते शोधायला मला लांज्याला धाडलं. कारखान्यातला कारकून म्हणाला, "एकदम झकास चाललाय, साहेब." माझ्या तोंडावरचं पोलीस खातं अजून गेलं नसणार. कॉम्प्युटरच्या मशीनवरची चादर मात्र नुकतीच इस्त्री केल्यासारखी होती. मी प्रोग्रामचं नावही काढलं नाही. वीज कधी जाते, चहा कुठून येतो, निवडणाऱ्या बायकांशी कटकट होते का, असलं काहीबाही विचारत दोन-तीन फेऱ्या मारल्या. मग कळलं. गर तोलून झाल्यावरही त्याच्या प्रतीवरून वाद चालायचे, ढीग परत निवडला जायचा, आणि आमचा प्रोग्राम एकदा भरलेला आकडा बदलू द्यायचा नाही. संध्याकाळपर्यंत त्या दिवसाचा हिशेब उघडा ठेवा, एवढंच मी पोरांना सांगितलं. पुढच्या खेपेला मशीन चालू होतं, चादर कोपऱ्यात पडली होती, आणि कारकून आपण होऊन तक्रारी सांगायला लागला. अण्णा, मला त्या दिवशी किती आनंद झाला, काय सांगू. खात्यात असताना ऐकलेलं वर जायचं आणि पुढे त्याचं काय झालं, कोणाचं भलं की वाईट, ते आपल्याला कधी कळायचं नाही. इथे एका माणसाचं बोलणं नीट ऐकलं आणि त्याचा जाच कमी झाला, तो मी डोळ्यांनी बघितला. याचसाठी मी नोकरी सोडली होती.

त्याच दिवसांतली गोष्ट. लांज्याच्या स्टँडसमोरचा चहावाला मला म्हणतो, "तुमच्याबद्दल एक वयस्कर गृहस्थ विचारीत होते हो." मी विचारलं, काय विचारलं? "आधी कोकमाचा भाव विचारला. मंग पावसाचं. मंग म्हणाले, तो पुण्याचा माणूस चहात साखर किती घेतो?" मला हसू आलं आणि रागही आला. अशी चौकशी करणारा माणूस जिल्ह्यात एकच होता. मी वळून बघतो तर तुम्ही स्टँडवर, भिंतीला पाठ लावून, बाकाच्या कडेला बसलेले, एक चप्पल काढलेली. माझ्याबरोबर कारखान्याचा कारकून होता, तो तावातावाने काहीतरी सांगत होता. तुमची माझी नजरानजर झाली आणि तुम्ही शांतपणे एस.टी.च्या पाटीकडे बघायला लागलात. खरं तर मी रस्ता ओलांडून यायला हवं होतं. अण्णा, इथे कुठे, चला चहा घेऊ, एवढं म्हणायचं. पण हाडीमाशी खिळलेली सवय, मीही मान फिरवली. कारकुनाने विचारलं, "वळखीचे काय?" मी म्हणालो, "नाही."

तिथेच घोळ झाला. मी ओळख दिली नाही याचा तुम्ही एकच अर्थ लावलात, पोरगा कामावर आहे. राजीनामा म्हणजे बतावणी, कंपनी म्हणजे सोंग, मुलाला कुठल्यातरी मोठ्या कामगिरीवर पाठवलंय. मी रत्नागिरीला घरी पोचलो तर तुम्ही आईला मागे सारून स्वतः माझ्या ताटात बांगडा वाढलात. "जेव. उन्हातान्हाचा फिरतोस." आई माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गुरुजींना ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही म्हणालात, "डोकं फिरलंय आमच्या चिरंजीवांचं, सरकारी नोकरी लाथाडलीन." आणि माझ्याकडे बघून हळूच एक भुवई उडवलीत. मी घरात येऊन सांगितलं, "अण्णा, मी खरंच सोडलंय खातं." तुम्ही मान डोलावलीत. "बराबर. मलासुद्धा हेच सांगत राहायचं." त्यानंतर मी जितकं खरं बोललो तितका तुमचा विश्वास वाढत गेला. पुण्याला येऊन आमची कचेरी बघितलीत, पडद्यावरची हिरवी अक्षरं बघितलीत, आणि जाताना माझ्या कानात म्हणालात, "झ्याक जमवलायस सगळा."

मी चिडायचो. बापाने जवळ घेतलं ते मी जो नव्हतोच त्या माणसाला, असं वाटून मला फार एकटं वाटायचं. पण मग दुसरा संशय आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट. सबंध जन्म माणसं ओळखण्यात घालवलेला हवालदार स्वतःच्या मुलाबाबतीत एवढा फसेल? खात्यातले जुने सोबती रोज मारुती मंदिरापाशी भेटायचे, त्यांना तुम्ही विचारलं नसेल? की तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आणि अबोला कसा सोडावा हे उमजत नव्हतं म्हणून तुम्हीच ते सोंग घेतलंत? आईला एकदा विचारलं तर ती म्हणाली, "तुमी दोघं एकाच माळेचे मणी. मला नको विचारू." दोन्ही बाजूंनी पुरावा तेवढाच.

तुमचे शेवटचे दिवस. सिव्हिल हॉस्पिटलातली खाट, खिडकीबाहेर माड, दुपारची वेळ. आई पेज आणायला घरी गेलेली. तुम्ही माझा हात धरता, जो तुम्ही एरवी धरत नाही, आणि विचारता, "आवडता काय रे तुला, ता काम?" मी सावध होतो. अण्णा हे का विचारताहेत, यांना नक्की काय काढून घ्यायचंय? मी त्या प्रश्नाच्या मागचा प्रश्न हुडकत बसतो आणि म्हणतो, "ठीक आहे. चाललंय." तुम्ही थोडा वेळ बघता, मग हात सोडता. आई पेज घेऊन येते.

इतक्या वर्षांनी, परवा ऑफिसात एका नव्या मुलीला मी सहज हाच प्रश्न विचारला, आणि मग तिने काय उत्तर दिलं ते मला ऐकूच आलं नाही. खात्यातल्या माणसाला हे कोणी विचारत नाही. तुम्हाला उभ्या जन्मात कोणी विचारलं नव्हतं. कामगिरीवर असलेल्या मुलाला तर तुम्ही मरतानाही विचारलं नसतंत. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, अण्णा. आडून-पाडून न विचारता सरळ विचारलेला तुमचा तो एकच प्रश्न मला आठवतो.

हा कागद कुठे धाडायचा नाही, जिला वाचून दाखवावा ती आईही आता नाही. एवढंच सांगायचं राहिलं होतं. आवडतं, अण्णा. फार आवडतं.