खाली, खाली, वर

११ जानेवारी

शाळेतून पुन्हा निरोप. अशाकेला सप्टेंबरात पहिलीत घेतील असं दिसत नाही. बाई म्हणाल्या, मुलगी मंद आहे, सांगितलेलं कळत नाही. वर टक लावून तोंडाकडे बघत राहते — मोठ्यांकडे असं बघू नये, हे घरी शिकवत नाही का?

शिकवतो. रोज शिकवतो.

१२ जानेवारी

रात्री जेवताना अशाकेचे बाबा हळूच म्हणाले, कान तपासून घ्यायचे का? सासूबाईंनी आमालाच्या उकडीचा घास तसाच हातात धरला.

"बहिरी? गल्लीत ढोल वाजला की सगळ्यांच्या आधी हिचे पाय हलतात."

खरं आहे. हाक मारली की वळतेही. आरोग्य केंद्रातल्या नर्सने मागून टाळी वाजवली होती, तेव्हाही वळली होती.

म्हणजे ऐकू येतं. म्हणजे मग बाई म्हणतात तेच!

१९ जानेवारी

शेजारच्या अबेकेच्या आईने चवळीचे अकारा तळले आणि अबेकेला हाक मारली. आमचीच आधी जाऊन उभी. नेहमीचंच. "तुझ्या पोरीचं पोट कानात आहे गं," ती मला म्हणाली, आणि एक अकारा हिच्या हातावर ठेवला. अशाकेने गुडघे टेकून आभार मानले. "ए शे" म्हणायचं तर "ए-ए" म्हणाली. अक्षरं गळालेली, आवाजाच्या चढ-उताराची चाल मात्र बिनचूक. आम्हाला घरात सगळं कळतं तिचं. बाहेर कुणाला कळत नाही.

२ फेब्रुवारी

उद्या इबादानला. तिथल्या मोठ्या रुग्णालयात लहान मुलांचे कान तपासतात. सासूबाई येणार आहेत. डॉक्टरांना खोटं पाडायला, असं स्वतःच म्हणाल्या.

३ फेब्रुवारी

तपासणाऱ्या बाईंचं नाव ओयेलामी. घाई नाही त्यांना. आधी कानात मऊ बोंडी घालून हवेचा दाब दिला. पडद्यामागे पाणी साचलेलं नाही. मग दुसरी बोंडी. तिच्यातून बारीक टिकटिक सोडतात. निरोगी कान त्याचा प्रतिध्वनी परत पाठवतो. मुलाने काही करायचं नाही, काही सांगायचं नाही. तान्ह्या बाळाचीही करतात, झोपेत. अशाकेच्या कानांनी जाड आवाजांना उत्तर दिलं. बारीक आवाजांना दिलं नाही. दोन्ही कान तसेच.

मग खेळ. डोक्यावर हेडफोन, पुढ्यात वाटी, आवाज आला की एक मणी वाटीत. ढोलासारखे आवाज होते तोवर मणी पटापट पडले. आवाज बारीक होत गेले. यंत्रावरचा दिवा लागत होता, म्हणजे आवाज जात होता. अशाके मणी गालाशी धरून बसली होती. वाट बघत. हसत.

मी दिव्याकडे बघणं सोडलं.

सासूबाई म्हणाल्या, यंत्र राहू द्या, मी हाक मारते. मारली. अशाके वळली. "बघा!"

ओयेलामीबाईंनी कागद तोंडासमोर धरला आणि ओठ मिटून अशाकेच्या नावाची नुसती चाल गुणगुणल्या — खाली, खाली, वर. अशाके वळली.

"अदुके," म्हणाल्या. दुसरंच नाव, चाल तीच. वळली.

"अबेके." वळली.

सासूबाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

ओयेलामीबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. "आई, तिला तुमची हाक ऐकू येते. तुम्ही काय म्हणालात ते ऐकू येत नाही. आपल्या भाषेत चालच निम्मं बोलते, म्हणून इतके दिवस निभावलं. श, स, फ, क — हे तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. पोर मंद नाही. उलट फार हुशार आहे, तोंडाकडे बघून उरलेलं जुळवते."

टक लावून बघते म्हणून मी तिची मान किती वेळा खाली केली.

परतताना घराजवळ आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मी रोज सकाळी तिचं कौतुक गाते. मग ती काय ऐकत होती?"

४ फेब्रुवारी

सकाळी अशाके गुडघे टेकून आजीच्या पाया पडली, रिवाजाप्रमाणे मान खाली. आजीने हनुवटी धरून तिचा चेहरा वर केला. मग गायला लागल्या.

१४ एप्रिल

कानामागची यंत्रं आली. घातली तशी रडली, उपटून काढली. पुन्हा घातली. अबेकेची आई कुंपणावरून म्हणाली, आता हिला कोण पसंत करील? सासूबाईंनी तिला असं काही ऐकवलं की ते इथे लिहिणार नाही.

१५ एप्रिल

रडली. काढली. घातली.

९ मे

अंगण झाडत होते. अशाके मागे येऊन उभी राहिली, झाडूकडे बोट करून म्हणाली — श्श. मी पुन्हा झाडलं. श्श. आधीच झाडलेलं अंगण आम्ही दुपारपर्यंत झाडत बसलो.

२० जून

तपासणीचा कागद शाळेत दिला. पहिल्या बाकावर बसवा, तोंड दिसेल असं बोला — ओयेलामीबाईंनी लिहिलंय. शाळेतल्या बाई म्हणाल्या, बघू. घरात मी अजून मागून हाका मारते. वळते. पण कशाला वळते, ते मला कळत नाही.

६ जुलै

अशाके यंत्रं घालून अंगणात खेळत होती. अबेकेच्या आईने अकारा तळले. अबेकेला हाक मारली.

अशाके वळली नाही.