देवदूताचा डावा पंख

पंचवटी, नाशिक
१४ डिसेंबर

तीर्थस्वरूप अक्का हिच्या चरणी,

धाकट्या वाल्मीकचा साष्टांग नमस्कार. इगतपुरीच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. (फोन तू उचलत नाहीस, म्हणून पोस्टखात्याला त्रास देत आहे.) इथे सर्वांचे गुडघे ठीक आहेत, तक्रार पंखाची आहे. तुझ्या मांजरीने, म्हणजे म्हाळसेने, काल आमच्या देवदूताचा डावा पंख मोडला. हा देवदूत पुठ्ठ्याचा असून नाताळच्या झाडाच्या शेंड्यावर बसतो. एकपंखी देवदूताबद्दल शास्त्रात काय विधान आहे ते मला ठाऊक नाही. पण मांजर तुझी, तेव्हा उत्तरदायित्वही तुझे, इतपत न्यायशास्त्र मी शिकलो आहे.

आपल्या घरात हे झाड कुठून आले, असे विचारशील. तेजल आणि जोएल पंचवीस तारखेला वसईहून येत आहेत. जावयाचा आपल्याकडचा हा पहिला नाताळ. (त्यांच्या लग्नावरून रुसून तू मुलाकडे इगतपुरीला निघून गेलीस आणि मांजर मागे राहिली, हा इतिहास आपल्या दोघांनाही पाठ आहे, उजळणी करीत नाही.) पोराला परके वाटू नये म्हणून तुझ्या भावजयीने, प्रतिभाने, रोपवाटिकेतून कुंडीतले झाड आणले, त्यावर दिव्यांची माळ सोडली आणि देवघरातल्या वातींचा कापूस पिंजून फांद्यांवर बर्फ पाडला. इथवर सर्व मंगल होते.

परंतु आपल्या घराला कुंडीतले झाड म्हणजे तुळस, एवढेच माहीत. दुसऱ्या दिवशी प्रतिभाने आंघोळ करून, हात जोडून, त्याला वरून तांब्यातले थोडे पाणी घातले. माळ चालू होती. फट्‌ असा आवाज झाला, घरातली वीज गेली आणि मी धावत जाऊन पिन उपटली. तेवढ्यात आवाज ऐकून शेजारच्या शकुबाई आल्या, "सर, काय फुटलं?" म्हणत. झाड बघितले आणि उंबरठ्यावरूनच परत गेल्या, त्या हळदकुंकू आणि पेटते निरांजन घेऊनच आल्या. मी म्हटले, अहो, याला ओवाळत नाहीत. तर म्हणतात कशा, "नाताळ का असेना सर, दारी आलेल्या देवाला तसंच बसवायचं का?"  आणि त्यांनी ओवाळले. वातीचा कापूस स्वधर्म विसरत नाही. निरांजन जवळ येताच खालचा, न भिजलेला बर्फ पेटला. विरोधाभास अलंकार मी इतकी वर्षे शाळेत शिकवतो आहे, पण त्याचे उदाहरण धूर सोडताना प्रथमच पाहिले. सुदैवाने प्रतिभाच्या हातात अजून तो अर्धा भरलेला तांब्या होता.

तेव्हापासून घरात कडक शासन आहे. कापसाचा बर्फ बाद. निरांजन देव्हाऱ्यापुरते. नवी माळ आणली आहे, तिची पिन काढल्याशिवाय पाणी नाही, आणि तेही बुडाशी. कुंडी कलंडू नये म्हणून तुझ्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून ती खिडकीच्या गजाला बांधली आहे (लुगडे विरलेलेच होते, रागावू नकोस). शिवाय गणपती बसल्यावर घराला कुलूप लावत नाहीत, त्याच चालीने प्रतिभा झाडाला एकटे सोडत नाही. विंचूरच्या लग्नाला मी एकटा गेलो आणि "वहिनी कुठे?" या प्रश्नाला "झाडापाशी बसल्यात" असे सांगून आलो. लोकांनी पुढे विचारले नाही.

राहता राहिली म्हाळसा. ती कोणाचे ऐकत नाही. तू नुसते "बये" म्हटलेस की कपाटावरून उतरायची. मी संस्कृतात, मराठीत आणि शेवटी हात जोडून सांगून पाहिले. तरी चोवीस तारखेला सकाळच्या गाडीने यावे. केवळ राखणीसाठी. कोणाशी बोलण्याची सक्ती नाही.

तुझा आज्ञाधारक,
वाल्मीक

ता. क. प्रतिभाने पत्र वाचले आणि ती म्हणाली, "त्या मुक्या जिवावर कशाला ढकलता?" तेव्हा नोंद करतो की झाड आल्यापासून म्हाळसा कुंडीला टेकून गाढ झोपते. देवदूत सरळ करायला मी स्टुलावर चढलो होतो. पंख माझ्या हातून मोडला.

आणखी ता. क. हे प्रतिभाला दाखवलेले नाही. जोएलने फोनवर सांगितले, "बाबा, आमच्या घरी झाड नसतंच, आम्ही बाळ येशूचा गोठा मांडतो." मी बरे म्हटले. मग फोन तेजलने घेतला. ती रोज झाडाची चौकशी करते आणि ठेवता ठेवता, सहज आठवल्यासारखे, "आत्या येणारे का?" म्हणून विचारते. मी "बघू" म्हणतो. घरात शिरताना आधी दाराशी तुझ्या चपला आहेत का ते बघायचे, ही तिची शाळेपासूनची खोड तुला माहीतच आहे. झाड मी सांभाळीन गं अक्का. पंचवीसला तिला तिथे चपला दिसल्या नाहीत, तर तिच्याकडे कसे बघायचे, याची मला भीती वाटते.