बाबांचं चित्र दारासमोर

गुरुवार, संध्याकाळ

विद्यापीठातलं आमचं प्रदर्शन परवा उघडतंय आणि आज सरांनी माझं चित्र थेट दारासमोर लावलं. बाबांचं चित्र. लकवा मारल्यापासून त्यांच्या ओठांचा डावा कोपरा खाली ओढला गेलाय, तो मी जसाच्या तसा काढलाय. काढताना भीती वाटली नव्हती. आज वाटतेय. बाळापुरात ते तोंडाशी रुमाल धरल्याशिवाय ओट्यावरही बसत नाहीत, आणि इथं तो कोपरा अख्ख्या अमरावतीनं पाहायचा? मी त्यांना विचारलंही नाही. का नाही विचारलं?

दुपारी हॉल रिकामा होता तेव्हा ब्रश घेऊन चित्रापुढे उभी राहिले. दोन फटकाऱ्यांत ओठ सरळ झाले असते. पण मग ते बाबा राहिले नसते, शाळेत शिकवायचे तेव्हाचा त्यांचा फोटो झाला असता. ब्रश धुऊन ठेवला आणि चित्राचा फोटो काढून आईच्या मोबाईलवर पाठवला.

तासाभरानं आईचा फोन आला.

"तुहे बाबा मघापासून फोटोच पाहून राहिले."

"रागावले का?"

"मले काय समजते? घे, त्यायलेच विचार."

बाबांचे शब्द आता अडखळत येतात. "शनिवारी येतो मी," ते म्हणाले. "माह्यासाठी खुर्ची ठेवजो."

हो म्हटलं. खुर्ची चित्राजवळ ठेवू की लांब, हे विचारायचा धीर झाला नाही.