अमरावतीच्या टेबलावरचा चौथा

७ जुलै, रविवार
अकोल्यात आठवडा झाला. नवी नोकरी, हवेशीर खोली, घरमालकीण गोदावरीबाईंचा डबा. मजेत आहे. आज अमरावतीच्या मंडळींचा खेळ पहिल्यांदाच ऑनलाइन घेतला. मी त्यांचा गेम मास्टर. जंगल, गुहा, राक्षस मी सांगायचे. नितेश, सीमा आणि प्रियदर्शनीनं आपापली पात्रं घेऊन त्यात शिरायचं, फासे टाकायचे. तिघं नेहमीसारखी प्रियदर्शनीच्या हॉलमध्ये बसली. त्यांचा कॅमेरा नकाशावर रोखलेला, म्हणून मला फक्त हात दिसतात. समोर असताना निम्मं काम माझे डोळे आणि हातवारे करायचे. आज ते सगळं वाया गेलं. घसा बसलाय.

१४ जुलै
जमायला लागलं. शब्द कमी केले, प्रत्येकाला नाव घेऊन विचारतो. कान तर इतके तयार झालेत की गप्प बसलेलं माणूस कंटाळलंय की घाबरलंय, ते कळतं. सीमाचा श्वास नाकातून शिट्टीसारखा येतो, नितेशचा जड, प्रियदर्शनीचा अडखळत. पाच वर्षं एका टेबलाशी बसून हे कधी ऐकलं नव्हतं.

२१ जुलै
आज चार श्वास ऐकले. नकाशावर हात मात्र तिघांचेच. विचारलं तर नितेश म्हणाला, "कोनी नाही बे, आमी तिघंच आहो." खोटं बोलतो. यांनी दुसरा मास्टर आणून बसवलाय. अधूनमधून खेळायला येणारा ललितच असणार, त्याला माझी जागा केव्हाची हवी होती. डबा तसाच परत गेला.

२८ जुलै
मी गुहेबद्दल तोंड उघडायच्या आत सीमा किंचाळली. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आत्ताच तं सांगतलं तू!"
मी सांगितलं नव्हतं. दुसरं कोणीतरी माझ्याआधी सांगतंय आणि ते मला ऐकू येत नाही. तिला इतकं मी कधीच घाबरवू शकलो नाही. हेच जास्त लागलं.
ललितला फोन केला. तो महिनाभर सेमाडोहच्या जंगलात आहे म्हणे. मग कोण?

४ ऑगस्ट
कुणाला न सांगता निघालो. बडनेऱ्याला उतरून रिक्षा. रंगेहाथ पकडणार.

दुपारी एक. प्रियदर्शनीच्या दाराबाहेर उभा आहे. आत खेळ सुरू — माझ्याशिवाय. आवाज माझा आहे. लॅपटॉप बंद दिसतोय, खिडकीतून.

चौथी खुर्ची रिकामी. आवाज तिथूनच. तिघं तिकडे बघताहेत — माझ्याकडे कधी असं बघितलं नाही, कधीच —

तो सांगतोय, दाराबाहेर एक माणूस उभा आहे. हातात वही. तुमच्या ओळखीचा नाही.

प्रियदर्शनी विचारते, "त्याले आत घ्याचं का माराचं?"

फासा टाकला. तिघं हसली.

कडी निघतेय — अरे मी धम्मदीप, तुमचा —