कणगी कोणालाही सुरू करता यावी

श्री खंडोबा प्रसन्न

मी, साखरबाई पोपटराव रासकर, वय ६९, शिक्षण मॅट्रिक, राहणार कासुर्डी, तालुका दौंड. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मनाने हे लिहिते. याआधीचे काही लिहिलेले सापडल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर आणि विहिरीजवळची वीस गुंठे शेवंतीची जमीन मुलगा गोकुळ याला. बँकेतली ठेव मुलगी सारिका हिला. दोघांना विचारून ठरवले आहे, पुन्हा वाद नको.

२. दीर बबनराव म्हणाले होते, "वहिनी, मॅट्रिकवाल्या बाईनं कॉम्प्युटरला दसऱ्याला हळदकुंकू लावावं, रोज हात लावू न्हाई." त्यांना काही नाही. माझे पितळी पातेले त्यांच्याकडे आहेच, तेच ठेवून घ्यावे.

३. आता मुख्य. कारखान्यांनी काढून टाकलेल्या संगणकांसाठी गोकुळने लिनक्सची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मोफत प्रणालीची, स्वतःची मराठी आवृत्ती बांधली, नाव कणगी. शिरूर-दौंडच्या एकोणीस शाळांत ती चालते. भजनी मंडळाचा हिशोब मीही तिच्यावरच ठेवते. नोकरीमुळे त्याला ती स्वतःच्या नावावर ठेवता येईना. म्हणून तिची वेबसाइट आणि नव्या आवृत्तीवर मोहोर लावायची डिजिटल किल्ली माझ्या नावावर आहे.

संगणक चालू झाला की आधी काय जागे करायचे, मग काय, याची एक सामाईक पद्धत बहुतेक लिनक्सवाल्यांनी मानली आहे. गोकुळने मानली नाही. सारिका पुण्यात हेच काम करते, ती चार वर्षे सांगत होती, "दादा, सगळ्यांसारखं कर." तो म्हणे, "जुन्या मशिनला ते जड जातं. आपलं हलकं हाय, आन् आपलं हाय." मी त्याची बाजू घेतली. ती माझी चूक.

गेल्या जूनमध्ये गोकुळ मोटारसायकलवरून पडला. आदल्याच दिवशी नवी आवृत्ती शाळांत गेली होती. सगळे संगणक सुरू होता होता अडकले. केडगावचे दुरुस्तीवाले हौसराव येऊन तासभर बसले. "मावशी, दुसरं कुठलंबी लिनक्स असतं तर केलं असतं. ह्याची सुरुवात फकस्त गोकुळला ठावं." गोकुळ अकरा दिवस बेशुद्ध. कारेगावच्या शाळेचा संगणक बंद, म्हणून तिथल्या दहावी झालेल्या राजनंदिनीला शाळा सोडल्याचा दाखला वेळेत मिळाला नाही, तिचा अकरावीचा प्रवेश हुकला.

तो घरी आल्यावर मी विचारले, "गेल्या कार्तिकात यवतच्या काकड्याला तू पहिल्यांदाच गेलास. त्यांचा विणेकरी आजारी, तर वीणा घेऊन उभा राहिलास. अभंगांचा क्रम कोणी शिकवला?"

"क्रम सगळीकडं एकच असतो की, आई."

"आन् घरची पूजा?"

"ती ज्याची त्याची."

"मग एकोणीस शाळांची मशिनं म्हणजे घरची पूजा न्हाई."

४. म्हणून वेबसाइट आणि किल्ली सारिकाला. वर्षाच्या आत कणगीची सुरुवात सामाईक पद्धतीने व्हावी. भाषा, अक्षरे, रंग गोकुळ ठरवील. त्याचे म्हणणेही खोटे नाही. जे मशीन खरेच पेलणार नाही, तिथे जुनी आवृत्ती राहू द्यावी, पण सुरुवातीचा सगळा क्रम मराठीत छापून शाळेत ठेवावा. ही अट कोणाच्या रागाने किंवा रडण्याने ढिली करू नये.

५. माझा संगणक राजनंदिनीला. चालू करून, दाखवून द्यावा.

६. इथवरचे वाचून दाखवल्यावर गोकुळ म्हणाला, "सहा वर्षं घातली मी त्यात. आन् किल्ली मला न्हाई?"

मी म्हटले, "तू पडलास तवा किल्ली माझ्याकडंच होती, गोकुळ. अकरा दिवस नुसती धरून बसले."

माझे टाळ त्याला. येत्या कार्तिकात मी असेन-नसेन. काकडा वेळेवर सुरू व्हावा.

सही: साखरबाई पोपटराव रासकर

चष्मा पुसून, सगळे पुन्हा एकदा वाचून, बाईंनी आम्हा दोघांसमोर सही केली:
१. हौसराव सोपानराव गिरमे, केडगाव
२. ज्ञानेश्वरी भोंगळे, मुख्याध्यापिका, कारेगाव

मुक्काम कासुर्डी, १२ सप्टेंबर २०२५