दुसऱ्या वेळचं रक्त

आई, तू असतीस तर पहिलं हेच विचारलं असतंस, आता कुठं भटकून राहिलास? सध्या नांदेडात आहे, ॲम्ब्युलन्स चालवतो. त्याआधी माहूरला जीपवर होतो, त्याआधी उदगीरला काय केलं ते जाऊ दे. सांगायचं वेगळंच आहे.

परवा मुदखेडहून एका बाईला आणलं. पायाला जखम, गुडघ्यापर्यंत लाली. लेक म्हणते, "दादा, सावकाश घ्या, ताप उतरलाय आता." मी बाईच्या पायाचे तळवे चाचपले. गारठलेले, आणि श्वास पळत आल्यासारखा. मग सावकाश कुठलं! मला तूच दिसलीस. भूकंपानंतर मिळालेले शेडचे पत्रे किल्लारीहून उचलून आपण लातूरला आलो, त्याच पत्र्यांचं तुझ्या खानावळीचं स्वयंपाकघर. क्लासची पोरं ताटं वाजवून राहिलीत, "मावशी, भाजी!" अन् वळताना कोपऱ्यातला पत्रा तुझा पाय चिरत जातो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस, हळद भरलीस, तरी ताप आला. मग एका सकाळी उलटा हात स्वतःच्याच गळ्याला लावून म्हणालीस, "उतरला बघ. उगं घाबरून राहिला होतास." पोळ्या लाटताना तुला धाप लागत होती. अंग गार झालं म्हणजे बरं वाटलं, एवढंच आपल्याला ठाऊक. संध्याकाळी तू नव्हतीस.

त्या बाईचं रक्त बर्फात ठेवून लॅबमध्ये नेलं, मी मागोमाग. "बर्फ कशाला?" मी विचारलं. लॅबमधल्या ताई म्हणाल्या, "तुला काय डॉक्टर व्हायचंय?" पण सांगितलं. जंतुसंसर्ग सगळ्या अंगात भिनला, रक्तदाब पडला, हातपाय गार पडले, पेशींना प्राणवायू पुरेना, की रक्तात लॅक्टेट नावाचा घटक वाढतो. नळीत काढलेलं रक्तसुद्धा तो बनवतच राहतं, म्हणून बर्फ. म्हणजे रक्त अंगाबाहेरही थांबत नाही, आई! रक्तात दुसरं बघतात ते प्रोकॅल्सिटोनिन. क्लासच्या पोरांनी घोकत बसावं असं नाव. जंतूंचा मारा केवढा, त्याचा अंदाज देतं. बाईचं दोन्ही लई वाढलेलं निघालं. अन् खरं सांगू? मला हायसं वाटलं. तुझंही असंच असणार, म्हणजे सकाळीच नेलं असतं तरी तू वाचली नसतीस.

"मग संपलंच की," मी म्हणालो. ताई भडकल्या. "एका आकड्यावर कुणी मरतं का रे? त्यातनं धोका किती ते कळतं. सलाईन, औषधं चालू झालीत. काही तासांनी परत रक्त काढायचं आणि उतरतंय का बघायचं."

रात्री मी परत लॅबमध्ये जाऊन विचारलं. उतरलं होतं. पूर्ण नाही, पण उतरलं. आज त्या बाईनं चहात साखर कमी म्हणून लेकीला झापलं.

"किती विचारतोस रे," तू कावायचीस. खरंच, दुसऱ्या वेळच्या रक्ताचं विचारायला नको होतं. आता तुझं उतरलं असतं का, हे कोणती लॅब सांगणार? हा कागद घडी करून गाडीच्या सीटखाली ठेवतो, तुझ्याकडं जाणारी फेरी काही मला लागत नाही. अन् एक सांगायचं राहिलं. इतकं कळूनही मी ताप तुझ्यासारखाच बघतो, उलट्या हातानं. नंतर पाय चाचपतो.