उन्हाळ्यात गप्प राहणारा चॅनल

आप्पा,

तुमचा वायरलेस बंद झाला तो माझ्यामुळे, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही जाऊन आता सतरा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी ते स्वतःलाही धड सांगितलेलं नाही. टेंभुर्णीहून आत, नदीवरच्या जुन्या पुलाजवळ तुमची खोली होती. पत्र्याचं छत, टेबलावर करड्या रंगाचा सेट, खाली दोन बॅटऱ्या, बाहेर उंच खांबावर एरियल. नदीत आकडे रंगवलेली पट्टी उभी असायची. पावसाळ्यात तासातासाला तुम्ही छत्री घेऊन उतरायचात, पाणी कुठवर चढलं ते बघायचात आणि वर येऊन सेटवर सांगायचात. तुमचा निरोप सोलापूरच्या ऑफिसात जायचा आणि खालच्या अंगाच्या गावांतल्या चौक्यांवरही. तिथले चौकीदार गावात फिरून सांगायचे, धरणातून पाणी सोडलंय, काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी काढून घ्या, वाळूवरच्या झोपड्या हलवा. पावसाळा संपला की सेटवर कापड पडायचं. मग दर सोमवारी सकाळी मिनिटभर चाचणी, एवढंच.

मी नऊ वर्षांची असेन. शाळेला सुट्टी आहे, आईने तुमचा डबा माझ्या हातात दिलाय. तुम्ही पट्टी बघायला उतरला आहात आणि मी माइकचं बटण दाबून पाढे म्हणते आहे, कुणीतरी ऐकत असेल म्हणून अगदी ठासून. तुम्ही चिखलाच्या पायांनी वर येता आणि माझा हात बटणावरून काढता. मारत नाही, आवाजही चढवत नाही. "काम आसंल तरच बोलायचं," तुम्ही म्हणता. "तू बोलत हायस तवर दुसऱ्या कुनाला बोलता येत न्हाय. तितं त्याचं पानी चढत आसंल तर?" दोन दिवस मी तुमच्याशी नीट बोलले नाही. पण पुढे सोलापूरला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं ते त्या खोलीमुळेच. ते तुम्हाला माहीत होतं आणि चौकीवर येणाऱ्याजाणाऱ्याला तुम्ही ते सांगायचात.

मला नोकरी लागली ती रेडिओ लहरींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसात. कुठली फ्रिक्वेन्सी कोण वापरतं, कोण कुणाच्या आड येतं, हे व्हॅनमध्ये मशीन घेऊन मोजत हिंडायचं. चौथ्या वर्षी नवं काम निघालं. मोबाइल कंपन्यांना लहरी कमी पडत होत्या. लहरी काही नव्याने तयार करता येत नाहीत, ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून काढूनच दुसऱ्याला द्याव्या लागतात. सरकारी खात्यांकडे कित्येक वर्षांपासून राखून ठेवलेले लहरींचे पट्टे होते. त्यातले खरोखर कुठले वापरात आहेत ते बघून यायचं होतं. आपला जिल्हा माझ्या वाट्याला आला, एप्रिल महिन्यात.

व्हॅन पुलाजवळ थांबली तेव्हा तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून उभे होतात. आधी माझ्या ड्रायव्हरला पाणी दिलंत, मग मला. खालच्या चौकीवरचे ऑपरेटर काकाही त्या दिवशी आले होते. त्यांना या मोजणीचा अर्थ कळला होता. ते तुम्हाला म्हणाले, "व्हॅन हाय तवर दिसभर बोलत ऱ्हाऊ की. मशीनवर दिसंल तरी."

"काम न्हाय तर बोलायचं काय?"

"चॅनल जाईल तुमचा."

तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. "ती हाय की तितं. आपलं काम कवा आसतंय ते तिला ठावं हाय."

मी आठवडाभर मोजलं. सोमवारचं ते एक मिनिट सोडलं तर मशीनवरची रेघ सपाट. अहवालाच्या नमुन्यात वापराचा रकाना होता, तिथे मी 'अत्यल्प' असं लिहिलं, आणि ते खरंच होतं. शेजारी शेऱ्याचा रकाना. तिथे एकच वाक्य लिहायचं होतं, की हा चॅनल पुराच्या सूचनेसाठी आहे, मोजणी पावसाळ्यात करावी. मी पेन टेकवलंही होतं. आमचे साहेब समोर चहा घेत होते. ऑपरेटर माझे वडील आहेत हे त्यांना माहीत होतं. "काय शेरा देताय?" त्यांनी विचारलं. सहजच विचारलं, आप्पा, त्यांच्या मनात काही नव्हतं. माझ्याच मनात आलं, की वडिलांचा चॅनल वाचवतेय असं हे म्हणतील. बाकीच्या खात्यांचे चॅनल मी त्याच आठवड्यात कागदावरून कमी केले होते. "काही नाही सर," मी म्हटलं आणि पान उलटलं. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमानसुद्धा वाटला होता.

पुढच्या मार्चमध्ये हुकूम आला. सेट गोदामात गेला, चौक्यांना मोबाइल दिले, आणि तुम्हाला सोलापूरच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. त्याच पावसाळ्यात पाणी आलं. दुपारी धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा वादळाने काठावरच्या गावांची वीज गेलेली होती, टॉवर बंद पडले होते. पुलाजवळचा नवा माणूस फोन लावत राहिला, तो लागेना. खालच्या एकाही चौकीची पोच आली नाही हे तुमच्या टेबलावर तुमच्याच लक्षात आलं. तुम्ही कुणाची तरी मोटरसायकल घेतलीत आणि तशा पावसात नदीकाठाने एकेक गाव घेत सुटलात. छप्पन्न वर्षांचे होतात तुम्ही. तीन गावांत तुम्ही पाण्याच्या आधी पोहोचलात, चौथ्यात पाणी तुमच्या आधी पोहोचलं होतं. माणूस कुणी दगावलं नाही. पण काठावरच्या मोटारी गेल्या, आणि वाळूवर राहणाऱ्या एका बाईची सगळी शेरडं गेली. ती तुम्हाला म्हणाली, "दर साली तुमचा निरोप येतोय. औंदा आला न्हाय, म्हनून आमी निवांत व्हतो." हे सगळं मला आईने फोनवर सांगितलं. तुम्ही घरी येऊन तेवढं एक वाक्य बोलला होतात आणि न जेवता झोपला होतात.

दिवाळीला मी आले. आई स्वयंपाकघरात कडबोळी तळते आहे, तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात, मी तुमच्यासमोर ताटली घेऊन. इकडचं तिकडचं बोलणं चालू आहे आणि मधेच तुम्ही विचारता, "त्या फारमात शेऱ्याला जागा आसती न्हवं?"

"असते."

"मग काय लिवलं व्हतंस?"

आईचा झारा थांबला. मी ताटलीत बघत म्हटलं, "आमच्या लिहिण्याने काही होत नाही, आप्पा. हे सगळं दिल्लीत ठरतं."

तुम्ही म्हणालात, "व्हय. तसंच आसंल." आणि आईला म्हणालात, "पोरीला गरम वाढ की." पुन्हा कधी तुम्ही तो विषय काढला नाहीत. दीड वर्षाने, निवृत्तीला चार महिने राहिलेले असताना, तुम्ही गेलात. भेटायला आलेल्या तुमच्या ऑफिसातल्या लोकांनाही मी दिल्लीचंच सांगितलं.

गेल्या आठवड्यात ती फाइल माझ्या टेबलावर आली. सरकारी लहरींचा पुन्हा आढावा चालू आहे आणि जुने कागद बघावे लागतात. माझा अहवाल होता, शेऱ्याचा रकाना कोरा. तो कोरा असणार हे मला माहीतच होतं. त्याच्या मागे एक कागद टाचलेला होता, तो मात्र मी कधी पाहिला नव्हता. हुकूम निघण्याआधी खात्याने ऑपरेटरचं म्हणणं मागवलं होतं. माझा अहवाल तुम्हाला वाचायला दिला होता. खाली तुमचं ते उजवीकडे झुकलेलं अक्षर: 'मोजणी करणाऱ्या अधिकारी स्वतः येऊन पाहून गेल्या आहेत. त्यांनी लिहिले ते बरोबर आहे. माझी हरकत नाही.' सही, आणि फेब्रुवारीची तारीख.

म्हणजे दिवाळीच्या आठ महिने आधी तुम्ही तो कोरा रकाना पाहिला होता. मी जे वाक्य लिहिलं नाही ते तुम्हाला लिहिता आलं असतं. पण तसं लिहिणं म्हणजे अधिकाऱ्याचा अहवाल अपुरा आहे असं कागदावर म्हणणं, आणि ती अधिकारी मी होते. म्हणून तुम्ही लिहिलं नाहीत. मग ज्या दिवशी त्या बाईची शेरडं गेली, त्या दिवशी मोटरसायकलवर तुमच्या मनात काय चाललं असेल, याचा मी आठवडाभर विचार करते आहे. आणि स्वयंपाकघरात तुम्ही मला विचारलंत तेव्हा तुम्हाला उत्तर नकोच होतं. मला बोलता यावं म्हणून तुम्ही जागा करून दिली होतीत. मी दिल्लीचं नाव घेतलं.

लहरी कंपन्यांना दिल्या हे चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. आता काठावरच्या शेतकऱ्याला धरणाचा आकडा खिशातल्या फोनवर येतो, टॉवरला बॅटऱ्या बसल्यात, तुम्ही असतात तर तुम्हीही कौतुकाने तो फोन उलटासुलटा करून बघितला असतात. चॅनल कायमचा राखा असं कुणी म्हणत नव्हतं. एकदा पावसाळ्यात मोजून बघा आणि मग ठरवा, एवढंच म्हणायचं होतं, आणि ते म्हणायची जागा छापील कागदावर माझ्यासमोर होती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही हे मला कळतं. खरं तर ते आईला वाचून दाखवायला हवं. ती आता माझ्याकडेच असते. परवा तिने विचारलं, एवढी गप्प का आहेस. मी म्हटलं, डोकं दुखतंय. मग तिने माझ्या कपाळाला बाम लावला, आणि मी तो लावून घेतला.